गंज, सांभार, पोट्टा: घरोघरी अडलेले शब्द

मागच्या अंकात एवढंच विचारलं होतं की तुमच्या घरात कोणत्या जुन्या शब्दावरून वाद होतो ते कळवा. पत्रं आली, व्हॉट्सअ‍ॅप आले, एका काकूंनी तर ऑडिओ पाठवला आणि त्यात मागून त्यांच्या सासूबाईंचं "असं नाई सांगत, मी सांगतो थांब" हे पण ऐकू येऊन राहिलं होतं. सगळे घेता येणार नाहीत, ज्यांत खरंच दोन बाजू आहेत तेवढे घेते.

माझं माहेर साताऱ्याकडचं, लग्न होऊन नागपुरात आले त्याला तीन वर्षं झाली. पहिल्याच आठवड्यात सासूबाई म्हणाल्या, "गंजात दूध हाये, पाहून ठेवजो." मला वाटलं भांडं गंजलंय आणि मी ते दूध ओतूनच दिलं. आता आमचे हे म्हणतात गंज म्हणजे "खूप", यांची आत्या म्हणते गंज म्हणजे पितळेचाच, स्टीलचं असलं तर ते पातेलं. खरं कोणाचं? (मानेवाडा)

ताई, खरं तिघांचंही आहे आणि तुमचं पण आहे, आणि दूध ओतलं त्याचं मनाला लावून घेऊ नका, तुमच्या माहेरच्या मराठीत तुम्ही बरोबरच ऐकलं होतं.

आमच्याकडे स्वयंपाकघरात गंज म्हटलं की भांडंच, दुसरं काही डोक्यात येत नाही. कोणतं भांडं, यावर मात्र घराघरात वेगळं ऐकायला मिळतं. तुमचा मेसेज आल्यावर मी ओळखीच्या दहा-बारा घरांत विचारत फिरले, बहुतेक जणी म्हणाल्या उभट असतो तो गंज, दूध तापवायचा, वरण शिजवायचा, आणि पसरट असलं की ते बगुणं. महालातल्या एका आजींनी सांगितलं की त्यांच्या लहानपणी गंज पितळेचाच असायचा, आतून कल्हई केलेला, कल्हईवाला दारावर आला की आधी गंज बाहेर निघायचे मग बाकीचं. म्हणजे आत्याबाई सांगतात ते त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. नंतर स्टील आलं, आकार तोच राहिला आणि नाव त्या आकाराच्या मागे गेलं. सासूबाईंना आकार आठवतो, आत्याबाईंना धातू आठवतो, एवढाच तो फरक आहे.

आता "खूप". "गंज दिवस झाले भेट नाही", "लग्नाले गंज लोक आले" हे जास्त करून अमरावती-अकोल्याकडे, तुमच्या मिस्टरांची आजोळची माणसं तिकडची आहेत का ते विचारून पाहा. फारसीत गंज म्हणजे खजिना, साठा. दर्यागंज, हजरतगंज या नावांतला गंज तोच, माल साठवायची आणि विकायची जागा. कडबा रचून ठेवतो ती गंजी पण याच घरातली. साठा, ढीग, मग भरपूर, हा रस्ता सरळ दिसतो. भांड्यातही आपण साठवतोच म्हणून भांडं सुद्धा याच शब्दातून आलं असेल असं मला वाटतं, पण ते माझं वाटणं आहे, पुरावा म्हणून कोणाला सांगू नका.

आणि लोखंडावरचा लाल थर? त्याला नागपुरात बहुतेक लोक "जंग" म्हणतात, तो पण फारसीतूनच आलेला. सायकलला जंग चढतो, गंजात दूध तापतं, दोन्ही शब्दांना आपापलं काम आहे, म्हणून इथल्या माणसाचा कधी गोंधळ होत नाही. गोंधळ बाहेरून आलेल्या सुनेचा होतो आणि तिला कोणी समजावून सांगत नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं.

पुढच्या वेळेसाठी सांगून ठेवते. "कोपरात कणिक भिजव" म्हटलं तर हाताच्या कोपराकडे पाहू नका, कोपर म्हणजे परात. "गुंड भरून ठेव" म्हणजे पाण्याचं भांडं. आणि "सराटा कुठं गेला?" म्हणजे पोळी उलटवायचं उलथणं शोधून राहिल्या आहेत, तुमच्याकडे सराटा म्हणजे रानात पायाला टोचणारा काटा ना, गोखरू, ते मला माहीत आहे कारण माझ्या वहिनी सांगलीच्या आहेत आणि पहिल्या दिवाळीत त्या हे ऐकून घाबरल्या होत्या की किचनमध्ये काटे कुठून आले.

मी त्रिमूर्तीनगरचा, नोकरीसाठी पुण्यात आहे. भाजीवाल्याकडे सवयीने "दहा रुपयाचा सांभार द्या" म्हणालो तर रूमवरचे मित्र दोन दिवस हसले. त्यातला एक म्हणतो कोथिंबिरीला सांभार म्हणणं हे चुकीचं मराठी आहे, सांभार म्हणजे इडलीसोबतचा, आणि तुम्ही नागपूरचे लोक आलू म्हणता म्हणजे तुमचं अर्धं हिंदीच झालं. काय उत्तर देऊ?

दादा, आधी आलूचं उत्तर घे कारण ते सोपं आहे. बटाटा हा शब्द पोर्तुगीजांचा, बटाटा ही भाजीच समुद्र ओलांडून आली आणि पश्चिम किनाऱ्यावर उतरली म्हणून तिकडे पोर्तुगीज नाव राहिलं. आलू आला उत्तरेकडून, संस्कृतात आलु म्हणजे कंद, फारसीतला आलू म्हणजे वेगळंच फळ, आलुबुखाऱ्यातला. म्हणजे एकाकडे परदेशी नाव, दुसऱ्याकडे उत्तरेचं नाव, यात शुद्ध कोण आणि अशुद्ध कोण ते तुझ्या मित्रानेच सांगावं.

सांभाराचं जरा मोठं आहे. कोथिंबीर हा शब्द संस्कृत कुस्तुंबुरुपासून आलाय, जुना आणि चांगला शब्द आहे, त्याच्याशी आपलं भांडण नाही. सांभार मागे नेला तर संभारापाशी जातो, संभार म्हणजे एखाद्या कामासाठी जमवलेलं सामान, साहित्य. स्वयंपाकाला लागणारं, चव आणणारं जे काही ते सांभार, आणि विदर्भात ते नाव हिरव्या जुडीवर येऊन बसलं असं मला वाटतं. इडलीसोबतचा सांबार संभाजी महाराजांच्या नावावरून पडला अशी एक गोष्ट तंजावरची म्हणून सगळीकडे फिरते, ऐकायला छान आहे पण तिला आधार नाही, ती सांगून वाद जिंकायला जाऊ नको. तू मित्राला एकदा सांभारवडी खाऊ घाल, बाहेरून बेसनाचं पातळ आवरण आणि आत खोबरं, खसखस आणि भरपूर हिरवा सांभार, आणि मग विचार की या वडीला कोथिंबीरवडी म्हणशील का? नाही म्हणता येणार, कारण कोथिंबीरवडी म्हणून तो जी खातो ती वेगळी आहे. दोन पदार्थांना दोन नावं लागतात.

आणि ते अर्धं हिंदीचं. हे मी फार वर्षांपासून ऐकते आणि प्रत्येक वेळी त्रास होतो. भोसल्यांचं राज्य इथून छत्तीसगडपर्यंत होतं. पुढे १८६१ ला नागपूर इंग्रजांच्या मध्य प्रांताची राजधानी झालं, १९५० नंतर जुन्या मध्य प्रदेशाची, ते १९५६ पर्यंत, म्हणजे जवळजवळ शंभर वर्षं जबलपूर, रायपूरकडचा माणूस कामासाठी इथे यायचा आणि इथला तिकडे जायचा. कचेरीत, बाजारात, रेल्वेत दोन्ही भाषा शेजारी शेजारी राहिल्या. टीव्ही पाहून काल-परवा बिघडलेली भाषा नाही ही, शेजाराने घडलेली आहे, जशी कोकणातली गोव्याच्या शेजाराने आणि सोलापूरची कन्नडच्या शेजाराने घडली.

मागच्या अंकात तुम्ही लिहिलं की कोहळं म्हणजे लाल भोपळा. साफ चूक. कोहळा पांढरा असतो, त्याचा पेठा करतात, दारावर टांगतात. आमचं मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यात आहे, तिथे कोणालाही विचारा. (धरमपेठ)

काका, तुमचं पत्र वाचून मी परत सगळं तपासलं आणि मला माझं वाक्य दुरुस्त करायचं आहे. मी "कोहळं म्हणजे लाल भोपळा" असं एकदम लिहायला नको होतं, "विदर्भात" हा शब्द घालायला हवा होता.

तुम्ही म्हणता तो अर्थ जुना आहे. कूष्मांड या संस्कृत शब्दापासून कोहळा झाला, आणि कूष्मांड म्हणजे पांढराच, राखेसारखी साय असलेला. लाल भोपळा मुळात अमेरिका खंडातला, युरोपातली जहाजं तिकडे जाऊन आल्यावर आपल्याकडे आला. म्हणजे ज्या काळात कोहळा शब्द तयार झाला त्या काळात लाल भोपळा इथे नव्हताच. नवीन फळ आलं, त्याला नाव हवं होतं, तुमच्याकडे लोकांनी भोपळा शब्द पुढे करून त्याला लाल जोडलं, आमच्याकडे कोहळं शब्द उचलून दिला. भोपळा म्हटलं की आमच्या गावाकडे अजून दुधी किंवा वाळवून तुंबा करतात तोच डोळ्यासमोर येतो.

पण एक विनंती काका, जुना अर्थ तुमच्याकडे राहिला म्हणून नवा अर्थ चूक होत नाही. अक्षय तृतीयेला किंवा पंगतीला नागपुरात कोहळ्याचं बोंड वाढतात ते लालच्याच गराचं, गूळ घालून तळलेलं, ते पांढऱ्याचं करून पाहिलं तर जमणारच नाही.

मुलगी सहावीत आहे. मधल्या सुट्टीत "पोट्टे लय कल्ला करून राहिले" म्हणाली म्हणून शाळेतून डायरीत रिमार्क आला की मुलीला अशी भाषा घरी शिकवू नका. माझी आई म्हणते पोट्टा म्हणजे प्रेमाने मुलगा, मिसेस म्हणतात ते खालच्या दर्जाचं आहे. मला काही कळत नाही. (नंदनवन)

भाऊ, हे पत्र मी तीनदा वाचलं. मुलीला आधी जवळ घेऊन सांगा की तू काही वाईट बोलली नाहीस.

पोट्टा, पोट्टी म्हणजे मुलगा, मुलगी, बस. कुठून आला यावर दोन मतं आहेत. काही जण प्राकृतातल्या पोट्ट म्हणजे पोट याच्याशी जोडतात, पोटचा तो पोट्टा. काही जण संस्कृतातल्या पोत या शब्दाशी, पोत म्हणजे पिल्लू, लहान जीव. तेलुगूतही पोट्टी म्हणजे बुटकी, लहानखुरी, आणि हैदराबादच्या दखनीत आजही पोट्टा-पोट्टी आपल्यासारखंच बोलतात. मला पिल्लूवालं जास्त आवडतं पण आवडण्यावर व्युत्पत्ती ठरत नाही. एवढं मात्र तिन्हीकडे दिसतं की शब्द लहानपणाशी जोडलेला आहे, शिवीशी नाही.

मग मिसेस काऊन म्हणतात खालच्या दर्जाचं? तेही उगाच नाही. तोच शब्द कोणाच्या तोंडून, कोणासाठी निघतो त्यावर वजन बदलतं. आजी अंगणातून हाक मारते "कुठं गेली व माही पोट्टी", त्यात माया आहे. सासरी सुनेबद्दल कोणी "ती पोट्टी" म्हणालं तर त्यात मान नाही. पाहुण्यांसमोर मोठ्या माणसाच्या मुलाला पोट्टा म्हटलं तर ते खटकतं. मिसेसनी तो दुसऱ्या प्रकारे जास्त ऐकला असेल. बुढा-बुढी पण असंच, गावाकडे "माहा बुढा" म्हणजे माझे वडील, सांगणाऱ्याच्या आवाजात आदर असतो, आणि शहरात तोच शब्द ऐकून माणसं दचकतात. आणि "काय बे" मैत्रीत चालतो, मोठ्यांना नाही, हे नागपूरच्या प्रत्येक पोट्ट्याला न शिकवता माहीत असतं.

तुमच्या मुलीने वर्गातल्या मुलांबद्दल, मधल्या सुट्टीत, मैत्रिणीशी बोलताना वापरला. जागा बरोबर, माणसं बरोबर, "करून राहिले" हे पण आपल्या भागाचं नेहमीचं क्रियापद. निबंधात लिहिला असता तर शिक्षकांनी दुरुस्त करणं ठीक होतं, परीक्षेची मराठी वेगळी शिकावी लागते हे मान्य. पण घरच्या भाषेवर रिमार्क देणं म्हणजे मुलीला तिच्या आजीची लाज वाटायला लावणं आहे. तुम्ही शाळेत जा, चिडून नका बोलू, दाते आणि कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश दाखवा, १९३२ ते १९३८ मध्ये त्याचे सात भाग निघाले, त्यात प्रांतिक शब्दांना कंसात खूण आहे की हा कुठला. प्रांतिक म्हणून खूण केली आहे, अशुद्ध म्हणून नाही.

कोणी मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी शब्दकोश काढून दाखवला तर तेही ऐकून घ्या, फार मोठं काम आहे ते, १८३१ चं, सुधारून १८५७ ला परत छापलं. पण ते काम मुंबई इलाख्यात बसून झालं आणि तो पहिल्यांदा निघाला तेव्हा नागपूर भोसल्यांकडे होतं, १८५३ ला तिसरे रघूजी वारले त्यानंतर ते इंग्रजांनी खालसा केलं. एखादा इकडचा शब्द त्यात सापडला नाही तर तो शब्द नव्हता असं होत नाही, विचारणारे त्या गावापर्यंत पोचले नव्हते एवढंच.

पांदण बरोबर की पाणंद? शेतरस्त्याच्या अर्जात काय लिहू? (उमरेड)

दोन्ही एकच, द आणि ण यांनी जागा बदलली आहे. इकडे पांदण, पश्चिमेकडे पाणंद. अर्जात दोन्ही लिहा, "पांदण (पाणंद) रस्ता", म्हणजे वाचणारा कुठलाही असला तरी अडणार नाही. तसंच तुम्ही विचारलेली शेतीची अवजारं: आपला वखर तो तिकडे कुळव, डवरा तो कोळपं, तिफण ती पाभर. तीन फणांची म्हणून तिफण, यात वाद नाही.

टोंगळा म्हणजे गुडघा की घोटा? डॉक्टरांना सांगताना आईची पंचाईत होते. (कामठी)

गुडघा. घोटा वेगळा. आईंना म्हणावं सरळ हात लावून दाखवा, आणि डॉक्टर नवीन असतील तर त्यांनाही हा शब्द सांगून ठेवा, रोज वीस पेशंट टोंगळे दुखतात म्हणत येतील.

आमच्याकडे कापसाची पहिली वेचणी करायच्या आधी वावरात दही-भात ठेवून पूजा करतात, तिला सीतादही म्हणतात. काका म्हणतात ही रामाची सीता, पूजा तिची. माझा चुलतभाऊ ॲग्रीकल्चर कॉलेजमध्ये आहे, तो म्हणतो सीता म्हणजे नांगराची रेघ, रामाशी संबंध नाही. आणि आजी "सीतादई" म्हणते, तर काही लोक म्हणतात दई म्हणजे देवी. दिवाळीला सगळे जमतात तेव्हा यावरून आवाज चढतात. (काटोल तालुका)

हा प्रश्न मी मुद्दाम शेवटी ठेवला कारण मला याच्यावर सगळ्यात जास्त लिहायचं होतं.

भावाचं म्हणणं पक्कं आहे. सीता या शब्दाचा सगळ्यात जुना अर्थ नांगराने जमिनीत पडलेली रेघ, ज्याला आपण तास म्हणतो. ऋग्वेदाच्या चौथ्या मंडळात शेताच्या सूक्तात या सीतेलाच हात जोडले आहेत, की आम्हाला भरभरून दे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात राज्याची शेती पाहणारा अधिकारी आहे, त्याचं नाव सीताध्यक्ष. पण भावाने पुढे जे जोडलं ना, की रामाशी संबंध नाही, तिथे तो चुकला. रामायणातली सीता जनक राजाला कुठे सापडली? नांगर चालवताना, जमिनीत. तिचं नावच त्या रेघेवरून पडलं. आणि शेवटी ती जमिनीतच गेली. काकांची सीता आणि भावाची सीता वेगळ्या काढताच येत नाहीत. यवतमाळ जिल्ह्यात राळेगावजवळ रावेरीला सीतेचं मंदिर आहे, तिथे लोक सांगतात की वनवासात एकटी असताना तिने गावात गहू मागितले, मिळाले नाहीत, म्हणून तिच्या शापाने तिथे गहू होत नव्हता. शेतकरी संघटनेच्या शरद जोशींनी त्या मंदिराच्या जीर्णोद्धाराचं काम हातात घेतलं होतं. शेती, बाई आणि सीता या भागात एकत्रच आहेत, कॉलेजच्या पुस्तकात आणि काकांच्या डोक्यात वेगवेगळ्या पानांवर असल्या तरी.

आता दही का दई. इथे मी आजीच्या बाजूने आहे पण दई म्हणजे देवी म्हणणाऱ्यांच्या बाजूने नाही. आपल्या बोलण्यात मधला ह गळतो. नाहीचं नाई होतं, राहिलाचं रायला होतं, सहीचं सई होतं. तसंच दहीचं दई. आजी दहीच म्हणून राहिली आहे, ऐकणाऱ्याने त्यात देवी ऐकली कारण पूजेचं वातावरण होतं. आणि वावरात हातात काय असतं ते आठवा, दही-भात. झाडापाशी ठेवतात तो दही-भात, शिंपडतात ते दही. वस्तू समोर दिसत असताना अर्थ शोधायला लांब कशाला जायचं?

मला काळजी वेगळीच आहे. आता वेचणीला बाहेरून मजूर येतात, मालक बांधावर उभा राहून वजन करतो, आणि सीतादही कितीतरी घरांत बंद झालं. करणं बंद झालं की शब्द दोन पिढ्यांत जातो, मग वाद घालायलाही कोणी उरत नाही. तुमच्याकडे आजी आहे आणि अजून करतात. तर या दसऱ्यानंतर बोंडं फुटायला लागली की आजीला घेऊन वावरात जा, फोनवर रेकॉर्ड करा, ती काय म्हणते, कोणत्या कोपऱ्यापासून सुरू करते, किती दगड मांडते, पहिला कापूस कुठे ठेवते. मध्ये बोलू नका, दुरुस्त करू नका, भावालाही सांगा गप्प राहायला. ती "दई" म्हणाली तर "दई"च लिहून घ्या, तिच्याच तोंडचं, आणि मला पाठवा.